अंगठाबहाद्दर

‘छातीवर दाब देण्यासाठी येथे स्पर्श करा’ ही अक्षरे ज्याच्या बरगड्यांवर निळ्या चौकटीत लुकलुकत आहेत, असा एक मिशाळ, धष्टपुष्ट आणि हृदयक्रिया बंद पडलेली असतानाही मुद्रेवरील प्रसन्नता तिळमात्र न ढळू देणारा सद्गृहस्थ सध्या परिचारिका, आरोग्यसेविका, रुग्णवाहिकांचे चालक आणि अग्निशमनाचे जवान यांच्या मोबाइलवरील प्रशिक्षणात उताणा पडलेला आहे. त्यास जिवंत करणे सर्वांस सक्तीचे असून त्याची मुदत आज सायंकाळी पाचपर्यंत आहे. पाचनंतर तो मेला तरी चालेल, कारण पाचनंतर वर पाठवावयाचा तक्ता बंद होतो.

बंद पडलेले हृदय छाती न उघडता, बाहेरून दाब देऊन चालते ठेवता येते, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने १९६० साली जगापुढे मांडली, आणि तेव्हापासून तिची कृती पुष्कळच काटेकोर झाली आहे. रुग्णाशेजारी गुडघे टेकावे, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेवावी, कोपरे ताठ धरावी, मिनिटास १०० ते १२० या गतीने निदान ५ सेंटिमीटर, परंतु ६ हून अधिक नव्हे, इतकी छाती दाबावी, प्रत्येक वेळी ती पूर्ण वर येऊ द्यावी, ३० दाबांनंतर २ श्वास द्यावे आणि दोन मिनिटांनी दुसऱ्यास जागा द्यावी, कारण तोवर दाबणारा थकलेला असतो व ते त्याचे त्यालाही कळत नाही. हे सारे त्या प्रशिक्षणात लिहिलेले आहे, आणि बिनचूक लिहिलेले आहे. आमची शंका एवढीच, की हे पाच सेंटिमीटर दाबावयाचे कोठे? आमच्या मोबाइलची जाडी आम्ही पट्टी लावून मोजली; ती एक सेंटिमीटरही भरत नाही. म्हणजे शास्त्राबरहुकूम दाब द्यावयाचा तर अंगठा काचेतून आरपार जाऊन खालच्या टेबलात आणखी चार सेंटिमीटर उतरला पाहिजे. आणि टेबल सरकारी असल्यास त्याचा पंचनामा कोणी करावा, याविषयी प्रशिक्षण मौन बाळगते.

अंगठा या व्यवहारात अगदीच निषिद्ध आहे, असे मात्र कोणी समजू नये. तान्ह्या बालकाची छाती दोन्ही हातांच्या विळख्यात धरून दोन अंगठ्यांनी दाबण्याची रीत शास्त्रसंमत आहे. परंतु चित्रातील गृहस्थास मिशा आहेत. मिशा असलेल्या इसमास एका अंगठ्याने परलोकातून परत आणण्याची विद्या आमच्या ऐकिवात तरी नव्हती, आणि ती इतकी सुलभ असेल अशी तर कल्पनाही नव्हती. स्पर्शागणिक ‘धप्’ असा आवाज होतो, कोपऱ्यातला आकडा वाढतो आणि तीस झाले की प्रश्न येतो: ‘रुग्ण प्रतिसाद देत नाही. आपण प्रथम काय कराल?’ पर्याय चार. मदतीसाठी हाक मारीन, रुग्णास चहा देईन, वरिष्ठांची लेखी परवानगी घेईन, वरीलपैकी सर्व. यांतील तिसरा पर्याय चूक ठरवला जातो, याचे जुन्याजाणत्या कर्मचाऱ्यांना राहून राहून आश्चर्य वाटते. उत्तर चुकल्यास ‘रुग्ण दगावला. पुन्हा प्रयत्न करा’ अशी इत्तला येते, आणि दगावलेला रुग्ण मिशीला पीळ देत पुन्हा उताणा होतो. तो कितीही वेळा दगावू शकतो; त्यास नातेवाईक नाहीत, दवाखान्याच्या काचा फोडावयास जमाव नाही, शवविच्छेदनाची भानगड नाही. अखेरीस दहापैकी आठ उत्तरे जमली, की पडद्यावर रंगीत कागदांचे कपटे उधळले जातात, ‘अभिनंदन!’ हा शब्द उगवतो आणि कर्मचाऱ्याच्या नावाची सनद तयार होते. कपटे अर्थातच त्या गृहस्थाच्या अंगावर पडतात. तो तसाच आडवा असतो.

परवा एका रुग्णवाहिकेच्या चालकास सिस्टरांनी विचारले, “काका, तुमचं झालं का ते छातीचं?” काका म्हणाले, “झालं की ताई. पोरानं दिलं करून. जेवताजेवता.”

हा पोर अकरावीस आहे आणि त्याचा अंगठा खेळांच्या दीर्घ तपश्चर्येने इतका सिद्ध झालेला आहे, की मिनिटास १२० ही मर्यादा पाळण्यासाठी त्याला तो मुद्दाम आवरता घ्यावा लागतो. त्याने प्रथम वडिलांची सनद मिळवली, मग आशासेविका असलेल्या आत्याची, मग आत्याच्या शब्दाखातर उपकेंद्राच्या सिस्टरांची. आणि ही कीर्ती षट्कर्णी झाल्यावर तालुक्याच्या कचेरीतील एक कारकून थकबाकीदारांची अख्खी यादीच घेऊन दारात आला, ज्याच्या त्याच्याकडून फोनवर ‘ओटीपी आला का? सांगा, सांगा’ असे विचारून घेऊ लागला, आणि पोराने सर्वांना त्याच बैठकीत प्रशिक्षित केले. हृदयक्रिया, अडलेले बाळंतपण, भाजणे, पूर, प्रथमोपचार, यांपैकी काही त्याने शिल्लक ठेवले नाही. सर्पदंशाच्या पाठात रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवावयाचे असते. वीस मिनिटांनी नळी कलती केली आणि रक्त गोठलेले नसले, तर घोणशीचे किंवा फुरशाचे विष रक्तात उतरले असे समजावे. ही नळी काचेचीच लागते, प्लास्टिकची चालत नाही. मोबाइलच्या नळीस ही अट नाही, आणि तिथली वीस मिनिटे वीस सेकंदांत संपतात, त्यामुळे पोराने घोणस चावलेला मनुष्य क्रिकेटच्या दोन षटकांमधल्या अवकाशात बरा केला. आजमितीस त्या तालुक्यात आपत्कालीन उपचारांत एवढा प्रवीण पुरुष दुसरा नाही. कोणास काही झाल्यास त्यालाच बोलवावे, एवढेच की रक्त पाहिले की त्याला घेरी येते.

डोंगराळ भागातील उपकेंद्रांची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती वाचकांना पाठ आहे. तेथे रेंज टेकडीवर असते आणि सिस्टर टेकडीखाली. हृदय थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते, हा धडा वाचण्यासाठी त्या टेकडी चढतात आणि धडा उघडेपर्यंत पडद्यावरचे चक्र तेवढी मिनिटे गरगरत राहते.

हे सारे हसण्यावारी नेता आले असते. परंतु छातीवर दाब देण्याचा सराव ज्यावर करावा, असा स्प्रिंग बसवलेला, योग्य खोली गाठताच ‘टक्’ असा आवाज करणारा पुतळा अस्तित्वात आहे, तो खरेदी झालेला आहे, आणि कित्येक ठिकाणी तो कपाटात, कारखान्यातून आला त्याच प्लास्टिकमध्ये, कुलूपबंद पडून आहे. कारण काय? तर तो डेडस्टॉक नोंदवहीत चढला आहे, आणि सरावात त्याची स्प्रिंग तुटली तर वसुली कोणाच्या पगारातून करावी, याचा निर्णय झालेला नाही. तपासनीस येतात, कपाट उघडतात, ‘एक नग, सुस्थितीत’ असा शेरा मारतात आणि कपाट लावतात. जो न वापरल्यामुळे सुस्थितीत राहिला त्या पुतळ्याचे कौतुक, आणि ज्या बाईने तो एकदाही पाहिलेला नाही तिच्या हाती सनद! त्याच खोलीत भरलेला ऑक्सिजन सिलिंडर उभा असतो व तो उघडण्याचा पाना दुसऱ्या पाळीच्या कोणाच्या तरी खणात असतो. पण पान्याचे प्रशिक्षण निघत नाही, कारण त्याला मोबाइलवर दाखवण्यासारखे काही नाही. रात्रपाळी संपवून, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या डेटावर, डोळे ताठ ठेवून ती बाई त्या मिशाळाच्या छातीवर अंगठा आपटत बसते आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकते, तेव्हा कोठे तिच्या नावापुढचा तांबडा रंग हिरवा होतो.

आणि हा हिरवा रंग कोणाच्या कामाचा? रुग्णाच्या नव्हे. एखाद्या रात्री खरा माणूस दारात आणला जातो, त्याला मिशा असतात किंवा नसतात, खरी बरगडी हाताखाली मोडल्याचा आवाज येतो, तो आवाज तिने पूर्वी कधी ऐकलेला नसतो म्हणून ती हात मागे घेते, आणि माणूस जातो. दुसऱ्या दिवशी तिला खुलासा विचारला जातो: ‘आपण सदर विषयाचे प्रशिक्षण पूर्ण केले असल्याची दप्तरी नोंद आहे, सबब आपणावर कारवाई का करू नये?’ सनद छापली जाते ती याच वाक्यासाठी. शिकवण्याची जबाबदारी वरच्या मजल्यावर होती. एका अंगठ्यात ती तळमजल्यावर आली, आणि पावतीही तिच्याच नावाची.

वाचनाचा भाग मोबाइलवर ठेवण्यास आमची हरकत नाही. आकडे व क्रम घरबसल्या शिकता येतात आणि बदलीवर गेलेल्या माणसाची त्यात सोयही आहे. परंतु हाताची गोष्ट हातानेच शिकावी लागते, आणि ती काही महिन्यांत विरू लागते म्हणून पुन्हा पुन्हा करावी लागते. तेव्हा साहेब लोकांस आमची विनंती अशी की, येत्या गुरुवारी दुपारी कपाट उघडावे, प्लास्टिक फाडावे, पुतळा जमिनीवर निजवावा आणि सिस्टर, काका, शिपाई यांच्या रांगेत स्वतःही गुडघे टेकून दोन मिनिटे दाब द्यावा. पुतळा मोडलाच तर वसुलीची नोटीस या सदराच्या पत्त्यावर पाठवावी.