सुनेचा दुरुस्ती-अहवाल

मिसिसागा, ऑंटारियो
दिव्यांची अवस

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आम्ही इकडे खुशाल. मालवणात पावसाने वीज येते-जाते, व्हिडिओ कॉल मधेच तुटतो आणि आपल्या दुकानाच्या वेबसाइटबद्दल आईंच्या तक्रारी अर्ध्यावर राहतात. म्हणून हा लेखी अहवाल. ऑफिसात मी मोठमोठ्या दुकानांच्या वेबसाइट सुधारते; पण आईंइतका कडक मालक अजून भेटलेला नाही.

आधी ओटीपी. तो कोणालाही सांगायचा नाही, हे आईंना तुमच्या मुलानेच शिकवलं. परवा साइटमध्ये शिरायला त्यानेच ओटीपी मागितला, तर "कोणाक म्हणजे कोणाकच नाय" म्हणून आईंनी फोन ठेवला. परीक्षेत आई पहिल्या आल्या. आता त्याला वेगळं खातं उघडून दिलंय.

तक्रार दुसरी : वेग. बाबांनी काढलेला कोकमाच्या आगळाच्या बाटलीचा फोटो इतका जड होता, की तो उघडेपर्यंत "गिऱ्हाईक काय पंचांग बघीत बसतला?" असं आईंनी विचारलं. गूगलची मोजपट्टीही हेच विचारते : पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. ८ एमबीचा फोटो दीडशे केबीवर आणलाय. बाबांना सांगा, बाटली तेवढीच आहे.

तक्रार तिसरी : "अक्षर कित्याक असा फिकट? शाय म्हाग झाली?" आई, तुम्ही मोतीबिंदूच्या डोळ्याने जे हेरलंत, त्याचा जागतिक नियम आहे. साध्या मजकुराचा आणि त्यामागच्या रंगाचा फरक किमान ४.५ : १ हवा. आमच्या डिझायनरला आवडलेला राखाडी रंग काढून टाकला. बटणंही मोठी केली. मसाला कुटून आलेल्या अंगठ्याला ती आता सापडतील.

आता नातवाचा पराक्रम. त्याने कुठेतरी पाहून मसाल्याखाली लाल अक्षरांत टाकलं, "त्वरा करा! फक्त ३ पाकिटं उरली!" त्यावर आईंचा निरोप आला : "माळ्यार पिंपभर मसालो आसा. देवबागच्या माणसाक खोटा सांगलंस तर तो उद्या दारात येतलो." नातू म्हणाला, सगळे असंच करतात. मग मी त्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोव्हेंबर २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचायला बसवलं. अशा १३ फसव्या युक्त्यांची यादी त्यात आहे आणि पहिलीच युक्ती खोटी घाई. न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणं आणि पोस्टेज शेवटच्या पानापर्यंत लपवणं यांनाही मनाई आहे. आपलं पोस्टेज आता किमतीशेजारीच दिसतं. नातवाने यादी पूर्ण वाचली आणि विचारलं, "आजीने हे कधी वाचलं?"

बाबांच्या मजकुराबद्दल नम्रपणे लिहिते. कुळथाच्या पिठाची माहिती तुम्ही १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली तिथून सुरू केलीत. इतिहास अचूक आहे, भाषा सुंदर आहे. पण पीठ चौथ्या परिच्छेदात येतं, आणि पिठी रटरटत ठेवून वाचणारं गिऱ्हाईक तोवर थांबत नाही. शिवाय निव्वळ वजन, किंमत, बनवणाऱ्याचं नाव हे साइटवर दाखवणं कायद्यानेच सक्तीचं आहे, आणि तेवढंच त्यात नव्हतं. मग आईंना विचारलं, भरडावरच्या दुकानात लोक काय काय विचारतात? त्यांनी एका दमात सांगितलं : तिखट किती? माशाला की मटणाला? टिकेल किती दिवस? मुंबईला पाठवाल? तीच चार उत्तरं आता प्रत्येक वस्तूखाली आहेत. किल्ला "आमच्याविषयी"च्या पानावर सुखरूप आहे.

एक काम मात्र अडलंय. तुमच्या मुलाला वर्षभराच्या सवलतींच्या तारखा आत्ताच भरून ठेवायच्या आहेत. पाडवा भरला, नारळी पौर्णिमा भरली, आणि आंगणेवाडीच्या जत्रेपाशी गाडी थांबली. ती तारीख कुठल्याच कॅलेंडरात आधी छापून येत नाही, देवीचा कौल झाला की ठरते. संगणक रकाना रिकामा सोडू देत नाही. तुमच्या मुलाला देवीकडे आग्रह धरायचा धीर नाही, म्हणून संगणकालाच वळवणं चालू आहे.

बाबा, "ह्या वयात आता काय शिकतलंय?" हे तुमचं पालुपद ऐकलं. सारोळा कासारच्या सुमन धामणे सत्तरीच्या आसपास असताना, २०२० मध्ये, नातवाला हाताशी धरून यूट्यूबवर रांधायला लागल्या आणि "आपली आजी" झाल्या. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा भरली. विद्यार्थिनी गुलाबी लुगड्यांत, पाठीवर दप्तर घेऊन. माझं तरी काय वेगळं? त्या ४.५ : १ वाल्या नियमावलीची नवी आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली आणि मी पुन्हा वही उघडली. तुम्ही जन्मभर फळ्यासमोर उभे राहिलात. आता आईंच्या वर्गात मागच्या बाकावर बसा. त्या छडी मारत नाहीत, फोन ठेवतात.

कळावे, लोभ असावा.
तुमची सून

ता. क. : बाबा या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने काढणारच. त्याचा फोटो पाठवा, पण लहान करून. कसा करायचा ते आईंना विचारा.