ध्येय विचारणारे पाहुणे

आश्रमशाळेत पाहुणा येणार हे मुलांना कुणी सांगावं लागत नाही. सकाळीच अंगण झाडलेलं असतं, प्लास्टिकच्या खुर्च्या पुसलेल्या असतात आणि सरांचा शर्ट इस्त्रीचा असतो. पाहुणे शाल-नारळ स्वीकारतात, माईकवर टिचकी मारून पाहतात आणि पुढच्या रांगेतल्या सगळ्यांत बारक्या पोराला उभं करतात. "बाळ, मोठेपणी कोण होणार तू?"

डहाणू-तलासरीकडच्या मुलांजवळ याची दोन-तीन उत्तरं तयार असतात. पोलीस. नर्स. फारच आग्रह झाला तर कलेक्टर. कारण कलेक्टर म्हटलं की टाळ्या पडतात आणि लगेच खाली बसता येतं. एकदा मात्र एक मुलगा सरळ 'ड्रायव्हर' म्हणाला. पाहुण्यांचा चेहरा पडला. "अरे, स्वप्नं मोठी बघावीत!" मुलगा बसला. नंतर त्याला गाठून विचारलं, तर त्याचा हिशेब चोख होता. तलासरी हायवेवर आहे. ड्रायव्हरला इकडे मुंबई दिसते, तिकडे अहमदाबाद, आणि जेवण ढाब्यावर. पाहुण्यांना इथवर सुखरूप आणणारा माणूसही ड्रायव्हरच होता, हे तो बोलला नाही. लहान असून समज मोठी.

प्रेरणा देणाऱ्यांवर माझा राग नाही. २०१३ साली लोकल विरारहून डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हापासून त्यांची सोय झाली आणि वर्दळ वाढली, एवढंच. माझी तक्रार आहे ती आकाशाबद्दल. आकाशाला गवसणी घाला, क्षितिजाच्या पलीकडे जा, उत्तुंग भरारी घ्या, असं सगळं वरचं वरचं सांगून पाहुणे परतीची गाडी गाठतात. पोरगं दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नेमकं काय करणार, हे ज्याचं त्यानं बघायचं. मग दहावी-बारावीनंतर थोरल्या भावासारखं तेही पहाटे नाक्यावर उभं राहतं आणि उंबरगाव नाहीतर वापीकडे जाणाऱ्या गाडीत चढतं. "काय करतो तो?" असं विचारलं तर घरचे म्हणतात, "कंपनीत जातो." कसली कंपनी, काय काम, हे पुढचे प्रश्न कुणी विचारत नाही. उत्तर पुरं झालेलं असतं.

ध्येय कसं ठरवावं, याचा एक जुना धडा याच मातीत आहे. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे होते. वेठबिगार बंद, असं तिथे ठरलं. मग गवतकापणीचा हंगाम आला तेव्हा मागणी झाली, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. ही मागणी मला फार आवडते. तिच्यात आकाश कुठेच नाही. कापणाऱ्याला कळते, जमीनदाराला कळते, आणि मिळालं की नाही हे ठरवायला तराजू पुरतो. तिच्यासाठी लोकांनी गोळ्या झेलल्या, तेव्हा ते ध्येय लहान होतं असंही कुणाला म्हणता येणार नाही.

त्याच १९४५ साली किनाऱ्यावरच्या बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी सजली, आदिवासी पाड्यांवरची मुलं काही येईनात. येणार कशी? एकाच्या कडेवर धाकटं भावंड, दुसऱ्याच्या मागे बकऱ्या. ताराबाईंनी बालवाडी उचलली आणि पाड्यावरच्या अंगणात नेऊन मांडली. अंगणवाडी हा शब्द आता देशभर सरकारी पाटीवर आहे, त्याचं मूळ इथलं. जरा मोठी मुलं तरीही हाती लागेनात, ती गुरांमागे रानात. मग शाळाच कुरणात गेली. हे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. भाषणांतून 'थोर शिक्षणतज्ज्ञ' एवढं म्हणून मंडळी दोघींना ओलांडून जातात. मला मात्र त्या कुरणशाळेतली एक गोष्ट सुटत नाही: बाईंनी पोरांना गुरं सोडून या असं म्हटलं नाही. गुरं घेऊनच या, आम्हीही येतो.

अनुताईंना स्वतःला तरी कोणत्या शिबिरात ध्येय मिळालं होतं? १९१० चा जन्म, लग्न लहानपणीच, आणि काही महिन्यांत वैधव्य. पुढे पुण्यात दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत शिकायचं, असं करत त्या १९३७ साली मॅट्रिक झाल्या. बी.ए. झाल्या तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती. 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?' असं त्यांना कुणी विचारलं असतं, तर त्यांनी बहुधा विचारणाऱ्याच्याच हातात एक मूल दिलं असतं.

गंजाडचे जिव्या सोमा मशे तर कुठल्याच करिअर मार्गदर्शकाच्या तक्त्यात बसले नसते. वारली लग्नात भिंतीवर चौक लिहायचा तो बायकांनी. हा पुरुष, आणि घरात लग्न नसताना रोज उठून भिंतीवर चित्रं काढत बसणारा! २०११ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांना आधीपासूनच खात्री होती.

आजच्या मुलांची गोष्ट याहून सोपी असेल असं वाटतं, पण तिच्यात एक फाईल आहे. प्लास्टिकची, बटनाची. तीत जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, आधार, आणि आधारवरचं आडनाव दाखल्यावरच्या आडनावाशी का जुळत नाही याचं प्रतिज्ञापत्र. त्यात सगळ्यांत दुर्मीळ चीज म्हणजे व्हॅलिडिटी. जात पडताळणीसाठी वाडवडिलांच्या काळची नोंद लागते, आजोबांचा शाळेचा दाखला मिळाला तर उत्तमच. आता आजोबा गुरांमागे होते. म्हणजे नातीला नर्सिंगला जायचं, तर सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी शाळा आजोबांपर्यंत पोचली होती की नाही, यावर ते अडतं! माझं मत विचाराल तर दरवर्षी एखाद्या पाहुण्याने भाषण न करता नुसता तहसील कचेरीत दिवसभर रांगेत उभं राहून एका मुलीचा कागद आणून द्यावा. शाल आम्ही तिथेच घालू.

असं करणारी माणसं आहेत, फक्त त्यांना कुणी माईक देत नाही. ओळखीचा एक तरुण हवालदार रजेवर आला की बोर्डीच्या किनाऱ्यावर मुलामुलींना पळवतो. मुलं त्याला दादा म्हणतात. ओहोटीला समुद्र लांब आत जातो आणि ओली वाळू पायाखाली घट्ट होते, म्हणून पोलीस भरतीची तयारी ओहोटीला करावी लागते. वेळापत्रक पंचांगावरून ठरतं. तिथीची पाऊणपट म्हणजे समुद्राच्या भरतीची वेळ, हे मच्छीमारांचं गणित. चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला. म्हणजे अष्टमीच्या पहाटे वाळू पाण्याखाली, मग त्या दिवशी चिकूच्या वाड्यांमधल्या रस्त्यावर पळायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला मात्र सकाळी सहाला मैदान मोकळं.

दादाच्या बोलण्यात आकाश नसतं. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, मग शंभर मीटर, मग गोळा. पन्नास गुणांचं मैदान. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे सेकंद लिहिलेले. एका मुलाने पहिल्याच आठवड्यात "दादा, मी होईन ना पोलीस?" असं विचारलं, तर हा म्हणाला, "ते नंतर बघू. रविवारपर्यंत चार सेकंद कमी कर. आणि रात्री मोबाईल आईकडे दे." दिवाळीनंतर घरचे वीटभट्टीवर निघाले की एखादं नाव वहीतून गळतं. दादा ते खोडत नाही, पुढची जागा कोरी ठेवतो.

गोळ्याची अडचण होती. मुलांचा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. विकत घ्यायचे तर पैसे. मुलांचा एक कुठूनसा जुना मिळाला. मुलींसाठी एकीने नदीतला गोल दगड आणला आणि खात्री करायला वाण्याच्या काट्यावर ठेवला. वाण्याने चष्मा वर करून पाहिलं आणि धंद्याच्या सवयीने म्हणाला, "दोनशे ग्रॅम जास्त भरतोय गं."

"असू दे काका," ती दगड काखेत मारत म्हणाली, "तिथला हलका लागेल."