स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या अपडेटसाहेबांस

प्रति,
माननीय अपडेटसाहेब,
मुक्काम : स्क्रीनचा वरचा उजवा कोपरा.

विषय : आमची वाद्यं बंद पाडल्याबद्दल आभार मानण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

आपण बहुतेक वर्षी गणपती ते दिवाळीच्या दरम्यान अवतरता. आरत्यांचे ट्रॅक, नवरात्राची गाणी, दिवाळी पहाटेचं संगीत, सगळं याच दिवसांत द्यायचं असतं. हे कॅलिफोर्नियात बसून आपल्याला कसं कळतं, याचं आम्हा रेकॉर्डिंगवाल्यांना फार कौतुक आहे. ऐन मैफलीत साथ सोडायची वेळ इतकी अचूक साधणारा साथीदार दुसरा नाही.

आपल्या पराक्रमांची यादी आम्हांला पाठ आहे. २००६ साली अ‍ॅपलच्या संगणकांत पॉवरपीसी जाऊन इंटेलचे प्रोसेसर आले. जुनी सॉफ्टवेअर चालावीत म्हणून रोझेटा नावाचा दुभाष्या नेमला गेला. २०११ मध्ये मॅकच्या प्रणालीची लायन ही आवृत्ती आली आणि त्याला नारळ मिळाला. २०१९ च्या ऑक्टोबरात कॅटलिना आली आणि ३२ बिटवाली सगळी सॉफ्टवेअर बाद झाली. रोख पैसे मोजून घेतलेली सॉफ्टवेअरमधली व्हायोलिनं, ऑर्गन, रिव्हर्ब, सगळ्यांच्या नशिबी तेच. पुढच्याच वर्षी अ‍ॅपलची स्वतःची एम-१ चिप आली, तिच्यासोबत दुसरा रोझेटा आला. आता त्याच्याही निरोपाची तारीख ठरली आहे. मॅकओएस २७ पर्यंत तो राहील, त्यानंतर फक्त काही जुन्या गेम्सपुरता. गेमला सवलत आहे, गाण्याला नाही. प्राधान्यक्रम स्पष्ट केल्याबद्दल धन्यवाद.

खोटं कशाला बोला, चिप झकास आहे. एम-१ च्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, त्यामुळे माइकशेजारी लॅपटॉप ठेवून निवांत तंबोरा रेकॉर्ड करता येतो. आमचं रडगाणं वेगळं आहे. आमची ही सॉफ्टवेअरमधली वाद्यं म्हणजे प्लगइन. प्लगइन हा स्वतंत्र प्रोग्रॅम नसतो, तो रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या पोटात शिरून चालतो. दोघांची प्रोसेसरची भाषा एकच असावी लागते. त्यामुळे एखादाच जुना इंटेलवाला प्लगइन हवा असेल, तरी बहुतेक ठिकाणी सगळं सॉफ्टवेअरच रोझेटातून उघडावं लागतं. एका पाहुण्याला मराठी येत नाही म्हणून अख्ख्या पंगतीनं दुभाष्यामार्फत वरण मागायचं, तसं. लॉजिक या अ‍ॅपलच्याच रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरनं निदान त्या पाहुण्याचं पान वेगळ्या खोलीत मांडलंय. आणि दुभाष्याच गेल्यावर? पाहुणा उपाशी, आणि गाण्यातली सतार मुकी.

हे निर्मात्याला समजावून सांगून बघा. तो फोन करतो, “ते आठ-दहा वर्षांपूर्वीचं शीर्षकगीत आहे ना, त्यातली बासरी जरा खाली घेऊन द्या. पाच मिनिटांचं काम.” बासरी एकवेळ सापडते, कारण ती माणसानं फुंकलेली, आवाजाच्या फाइलमध्ये बंद असते. पण तिच्यामागचा वाद्यवृंद सॉफ्टवेअरमधला. सेशन उघडल्यावर त्याच्या जागी ‘प्लगइन सापडला नाही’ एवढीच ओळ. पाच मिनिटांच्या कामासाठी सगळं संगीत संयोजन नव्यानं बांधायचं, आणि बिल पाच मिनिटांचं.

यंत्रांवरही आपली कृपा आहेच. मॅकओएस टाहोनं फायरवायर ही जुनी जोडणी काढून टाकली. त्यावर चालणाऱ्या ऑडिओ इंटरफेसच्या प्रीअँपमध्ये काडीचा बिघाड नाही, आवाज अजून स्वच्छ, फक्त संगणकानं ओळख दाखवायचं सोडलं. विंडोजकडचे आपले बंधूही मागे नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० या सुरक्षा चिपशिवाय जुना संगणक चालत नाही. आर्म प्रोसेसरवरचं विंडोज जुने प्रोग्रॅम भाषांतर करून चालवतं, पण ड्रायव्हर मात्र नव्यानंच लिहिलेला लागतो. इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीला तो लिहायचा नसेल, तर आपण आणि तो डबा, दोघांनी एकमेकांकडे बघत बसायचं.

मार्च २०२४ ची गंमत तर विसरताच येत नाही. मॅकओएस १४.४ हा किरकोळ अपडेट आला आणि आयलॉक या परवाना-व्यवस्थेवर चालणारे कितीतरी प्लगइन नव्या चिपवर कोसळू लागले. म्हणजे रीतसर परवाना घेणाऱ्यालाच शिक्षा! त्याच महिन्यात १४.४.१ आला आणि प्रकरण मिटलं. मधल्या दिवसांत ज्यांची कामं द्यायची होती, त्यांनी काय केलं असेल ते त्यांनाच ठाऊक.

या पार्श्वभूमीवर डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांचा निषेध करावासा वाटतो. १९८३ साली एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या कंपन्यांना हाताशी धरून त्यांनी मिडी ही वाद्यांची सामाईक भाषा आणली. आजही त्या काळचा कीबोर्ड साध्या यूएसबी-मिडी इंटरफेसनं आजच्या संगणकाला जोडला, की तो मुकाट्यानं सूर पाठवतो. कुणाला नवा कीबोर्ड विकतच घ्यावा लागत नाही. असा टिकाऊ माल बनवून धंदा होतो का? वर २०१३ मध्ये त्यांना तांत्रिक ग्रॅमीही दिलं!

तरी एक नम्र विनंती. गेमला जी सवलत दिलीत, ती प्लगइनलाही द्या. प्लगइन बनवणाऱ्या कंपन्याही काही साधुसंत नाहीत. जुनंच वाद्य नव्या चिपसाठी ‘आवृत्ती दोन’ म्हणून विकताना त्यांना आपलीच ढाल मिळते. पण निदान आपल्या बाजूनं दार उघडं राहू द्या.

कळावे,
आपला, ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबणारा एक रेकॉर्डिस्ट

ता. क. : ही ओळ साहेबांसाठी नाही, स्टुडिओतल्या मित्रांसाठी आहे. काम हातावेगळं झालं की प्रत्येक ट्रॅक पहिल्या सेकंदापासून वेव्ह फाइल करून वेगळ्या डिस्कवर ठेवा, टेम्पो आणि पट्टी लिहून ठेवा, आणि हातात काम असताना अपडेट घेऊ नका.