तीर्थरूप आप्पांस, कागदपत्रांसह

कोव्हेंट्री, १४ ऑक्टोबर २०२१

ती. आप्पा आणि ती. आई यांस शि. सा. न.

उद्या दसरा. हे पत्र संकेश्वरात पोचेपर्यंत बहुधा दिवाळीसुद्धा आटोपलेली असेल. पण आप्पा, हुकूम तुमचाच आहे. "व्हिडिओवर तुझं निम्मं कपाळ दिसतंय आणि निम्मं बोलणं ऐकू येतंय. इंग्लंडच्या सरकारला माझी लस का चालत न्हाई, ते नीट लिहून कळव," असं म्हणालात, म्हणून बसलोय लिहायला. स्टँडजवळच्या हॉटेलात मित्रमंडळींना वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. तेव्हा सुनेविषयी जिथे काही येईल तिथे आवाज जरा बारीक करावा.

आधी आनंदाची बातमी. चालते. या सोमवारपासून, म्हणजे ११ तारखेपासून, चालते. त्याआधीच्या आठवड्यात काय होतं ते सांगतो, नीट ऐका. ४ ऑक्टोबरपासून कोव्हिशील्ड ही कोरोनाची लस ब्रिटनला मान्य होती. ती भारतात टोचली गेल्याचं सर्टिफिकेट मान्य नव्हतं. म्हणजे लस खरी, पण ती तुमच्या दंडात गेली हे खरं नाही. तुम्ही विचाराल, मग गेली कुठे? हे मीही विचारत होतो, उत्तर मिळालं नाही.

आणि लस तरी कुणाची? ऑक्सफर्डच्या लोकांनी शोधली, ॲस्ट्राझेनेकाने नाव दिलं आणि पुण्यात सीरमने बाटल्या भरल्या. मार्चमध्ये त्यातल्या ५० लाख मात्रा पुण्याहून थेट ब्रिटनला आल्या. त्या इथल्या आजी-आजोबांच्या दंडात गेल्या आणि ते सगळे सरकारदरबारी पूर्ण लसवंत झाले. पण जुलैमध्ये त्यांतलेच काही जण सुट्टीला माल्टाला निघाले, तेव्हा कार्डावरची पुण्याची बॅच बघून त्यांना विमानात चढू दिलं नाही. युरोपला ॲस्ट्राझेनेका चालत होती, पुण्याची चालत नव्हती. आपल्या भागातली माणसं पहिल्यांदाच परदेशात अडवली गेली असं नाही, पण इंग्रज माणूस पुण्याचा म्हणून अडवला जावा, हे मात्र नवीन. माझ्या वाट्याला पुण्याची बॅच आली नाही. वाईट वाटलं.

जानेवारीत आपल्याकडची पहिली गाडी पुण्याहून निघाली ती आपल्या हायवेनेच, संकेश्वरच्या अंगावरून बेळगावला गेली आणि मग तिथून लस तालुक्यातालुक्यांत वाटली गेली. तेव्हा आई फोनवर म्हणाली होती, "हितंच हात करून थांबवायची की, उगीच बेळगाव बघून कशाला यायला पाहिजे?" आईचं म्हणणं बिनतोड आहे, पण सरकारी लशीला टिळकवाडीच्या वॅक्सिन डेपोत मुक्काम केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो डेपो काही आजचा नाही. इंग्रजांच्या काळात तिथे वासरांच्या अंगावर देवीची लस तयार व्हायची. आजीच्या दंडावरचे ते गोल वण आठवतात ना? त्यांच्यावर नाव नव्हतं, गाव नव्हतं, क्यूआर कोड नव्हता, फोटो तर कुणाचाच नव्हता. तरी आजीला देवी काढल्यात की नाही, अशी शंका गावात कुणी घेतली नाही.

ब्रिटनची शंका जन्मतारखेवरून होती. आपल्या सर्टिफिकेटवर नुसतं वय होतं, यांना पूर्ण तारीख हवी होती. मग सप्टेंबरअखेर परदेशी जाणाऱ्यांसाठी ती छापायची सोय झाली. आप्पा, तुमची तारीख १ जून. आण्णाकाकांची १ जून. शेजारच्या तिघाही भावांची १ जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जी लिहिली ती. आजी तर म्हणायची, तुम्ही वैशाखात, कुरी पेरायच्या आधी झालात. इतकी वर्षं त्या तारखेला घरात कुणी साधी खीरसुद्धा केली नाही, आणि आता दोन देशांची सरकारं पत्रव्यवहार करून ती मागून घेतायत. मास्तर असते तर त्यांना पेढे दिले असते.

आईचं प्रकरण वेगळं. पासपोर्टात तिच्या नावापुढे 'बाई' आहे, आधारात नाही. सर्टिफिकेट आधारावरून निघालं. वर कन्नडमध्ये, खाली इंग्रजीत, दोन्हीकडे बाई गायब. ही दुरुस्ती ऑनलाइन एकदाच करता येते, तेव्हा पोराच्या हातात फोन देऊन "कर रे काहीतरी" असं करू नका. आधी कागदावर इंग्रजी अक्षरं लिहा, पासपोर्टाशी ताडून बघा, मग आईला दाखवा, मगच बटण दाबा. पासपोर्टाचा नंबर पण त्यातच जोडायचा आहे.

आता आमचं. तुम्ही सगळ्यांना अभिमानाने सांगता की चाचण्या सोडल्या तर फायझरची जगातली पहिली लस आमच्या पोराच्या गावात टोचली. बरोबर आहे. ८ डिसेंबर २०२०, कोव्हेंट्रीचं युनिव्हर्सिटी हॉस्पिटल, मार्गारेट कीनन, वय ९०. आणि त्यांच्या पाठोपाठ टोचून घेणारे गृहस्थ होते विल्यम शेक्सपिअर. थट्टा नाही आप्पा, खरंच तेच नाव, आणि राहणारे त्याच वॉरिकशायरचे. पण पहिली सुई गावात टोचली म्हणून दुसरी आम्हाला, असं झालं नाही. इथे पंगत वयाने बसली. आधी वृद्धाश्रमातले, मग ऐंशीचे, पंचाहत्तरचे, सत्तरचे. आमच्यासारखे चाळिशीतले वाढपी उभे असल्यासारखे बघत राहिलो. तुम्ही मार्चमध्ये टोचून घेऊन मोकळे झालात आणि रोज विचारायला लागलात, "काय रे, एवढं मोठं इंग्लंड, तुला अजून न्हाई व्हय?"

एप्रिलच्या शेवटी चाळिशीवाल्यांना बोलावणं आलं. गेलो. टोचणारी नर्स कोट्टायमची. म्हणाली, गाव कुठलं? म्हटलं, संकेश्वर. कुठे आलं? म्हटलं, बेळगावजवळ. कर्नाटक का? म्हटलं, हो, पण मराठी. तिने सुई हातात धरून विचार केला. म्हटलं, बाई, तू टोच, हे एका भेटीत समजायचं नाही. सुनेला ॲस्ट्राझेनेका दिली नाही, कारण ती चाळिशीच्या आत आहे आणि मेमध्ये तसा नियम आला. तिला फायझर मिळाली. तेव्हापासून घरात कुणाला ताप आला, कुणाचा हात दुखला, कुणाला कमी दुखला, यावर रोज चर्चा, आणि तिचं वय चाळिशीच्या आत असल्याचा उल्लेख त्या चर्चेत हटकून येतो. (इथे आवाज बारीक.)

दुसऱ्या डोसाची गंमत मात्र तुमच्या-माझ्यात वाटून आली. तुम्ही पहिला घेतलात तेव्हा चार ते सहा आठवड्यांनी या म्हणाले. २२ मार्चला ते सहा ते आठ झालं. मग मे आला, केंद्रावर पाटी लागली, लस शिल्लक नाही. आणि १३ मेला दिल्लीने अंतर केलं १२ ते १६ आठवडे. तुम्ही म्हणालात, "मी जवळ गेलो की ते लांब जातंय." दुसऱ्याच दिवशी, १४ मेला, लंडनने पन्नाशीपुढच्यांचं अंतर १२ वरून ८ आठवड्यांवर आणलं, आणि मग उन्हाळ्यात हळूहळू सगळ्यांचंच. तीच लस, तोच दंड. दिल्लीने कारण दिलं, ब्रिटनचा अनुभव. ब्रिटनने कारण दिलं, भारतात सापडलेला विषाणू. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवून उलट्या दिशांना चालायला सुरुवात केली, आणि दोघांचंही शास्त्राच्या हिशेबाने बरोबर होतं म्हणे. तुमचं जूनमध्ये झालं, माझं जुलैत. सुटलो.

आता नातीचं. इथे बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांना शाळेतच फायझरचा एक डोस देतायत. शाळेने आम्हाला संमतीचा फॉर्म पाठवला. आम्ही सही केली. मग कळलं की आईबाप नाही म्हणाले आणि पोर शहाणी ठरली, तर तिचं होय चालतं. ती आल्यावर मी विचारलं, तू काय सांगितलंस? म्हणाली, "मी सांगितलं, माझे आजोबा रोज विचारतात." आप्पा, एवढ्या लांबून तुमचा वचक आहे, हे इथल्या सरकारने लक्षात घ्यायला हवं.

तुम्ही चिडलात ते मला समजतं. "दोन्ही डोस घेतलेल्या माणसाला कोंडून घालायचं म्हणजे काय?" पण आप्पा, इंग्लंडला शिव्या देण्याआधी राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका आठवा. फेब्रुवारीपासून महाराष्ट्रातून येणाऱ्याला तिथे आरटीपीसीआरचा रिपोर्ट दाखवावा लागत होता, आणि जुलैअखेर तर हुकूम निघाला, दोन डोस झालेले असोत नसोत, ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट पाहिजेच. पुण्यात भरलेली, पुण्यात टोचलेली लस निपाणीच्या अलीकडे चालली नाही. आत्ती महाराष्ट्रात गडहिंग्लजला, आपण कर्नाटकात संकेश्वरला, मध्ये अर्ध्या तासाचा रस्ता. पंचमीला ती आली नाही, कारण साडीच्या किमतीएवढी तपासणी. तुम्ही तेव्हा म्हणालात, "नियम हाय, काय करणार." मग इंग्रजांनाच तेवढं वेगळं माप का? उलट त्यांनी तर आठवड्यात माघार घेतली. आपल्या सरकारने लगेच उट्टं काढलं होतं. ब्रिटिश नागरिक भारतात आला तर दहा दिवस घरात बसवायचा, लस असो नसो. आम्हा दोघांचे पासपोर्ट भारतीय, नातीचा ब्रिटिश. आम्ही आलो असतो तर ती आत आणि आम्ही बाहेर सोप्यावर. कालच तो नियम मागे घेतला, नाहीतर आईने तिच्यासाठी माडीवरची खोली सारवूनसुद्धा ठेवली असती.

आणि हेही बरं झालं की तुम्ही उन्हाळ्यात निघाला नाहीत. तेव्हा भारत लाल यादीत होता. येणाऱ्याने दहा दिवस सरकारने ठरवलेल्या हॉटेलात राहायचं, एकट्या माणसाला १,७५० पौंड. म्हणजे पावणेदोन लाख रुपये. तुमच्या भाषेत सांगतो, एका माणसाला साठ टन ऊस. एका खोलीत दोघांना ऐंशीच्या वर. एवढा ऊस घालून खिडकीतून विमानतळ बघायचा आणि खोक्यातलं सँडविच खायचं. ऑगस्टमध्ये तर दर आणखी चढला, पण तोवर भारत त्या यादीतून सुटला होता.

तेव्हा आता मार्चमध्ये या. थंडी जराशी ओसरलेली असते. सर्टिफिकेटच्या तीन प्रती छापा, एक पिशवीत, एक आईच्या पर्समध्ये, एक तुमच्या खिशात. लॅमिनेट करू नका, कोड वाचता येत नाही म्हणतात. आज तरी असा नियम आहे की पोचल्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या तपासणीचे पैसे निघायच्या आधी भरायचे, ते मी इथून भरतो. मार्चपर्यंत बदलला तर पुन्हा लिहीन. संकेश्वरी मिरचीची पूड आणा, पण पुडी घट्ट बांधा आणि वर इंग्रजीत लिहा. विमानात बसायच्या आधी एक ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. तो पोराकडून भरून घ्या, पण शेजारी बसा. त्यात विचारतात, गेल्या दहा दिवसांत तुम्ही दुसऱ्या कुठल्या देशात जाऊन आलात. तुम्ही आत्तीला भेटायला जाणारच निघायच्या आधी. तरी तिथे गडहिंग्लज लिहू नका.

आपला,
बाळू