‘समाधानकारक’ म्हणू नका!

स्टुटगार्ट, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही “त्याचं काय चाललंय?” म्हणून विचारता आणि तुमचे चिरंजीव “काही नाही, रूटीन” असं म्हणून फोन माझ्या हातात देतात. म्हणून आज सविस्तर लिहिते. ते नोकरी बदलताहेत. आई, घाबरू नका, कुणी काढलेलं नाही. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना सध्या इथे बरे दिवस नाहीत, तेव्हा कुणी उठवण्याआधी आपणच पानावरून उठावं, असा विचार आहे.

पहिलं काम रेझ्युमेचं. जुन्यात वडिलांचं पूर्ण नाव, कायमचा पत्ता आणि शेवटी “वरील माहिती सत्य आहे” अशी प्रतिज्ञा होती. इथे सगळं दोन पानांत बसवायचं, ताजी नोकरी वर, शाळा तळाला. त्यामुळे दहावीला शाळेत पहिला आल्याचा उल्लेख आधी तळाशी गेला आणि मग पानाबाहेर. कंपनीनं फोटो मागू नये, असा २००६ च्या भेदभावविरोधी कायद्याचा रोख आहे, तरी पुष्कळ लोक आपणहून लावतात. आम्हीही स्टुडिओ गाठला. फोटोग्राफर म्हणाला, “आत्मविश्वासानं हसा.” चिरंजीव आधार कार्डावर आहेत तसे आले.

दोन नोकऱ्यांमध्ये महिने रिकामे दिसले, तर इथे त्याचा हिशेब विचारतात. आई, तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ते नोकरी सोडून सांगलीला राहिले होते, ते महिने आम्ही “कुटुंबीयांची शुश्रूषा” असे दाखवलेत. शुश्रूषेत सोफ्यावर बसून पाहिलेल्या क्रिकेटचं प्रमाण किती होतं, ते तुम्हाला आणि मला माहीत आहे. कुणी फोन केलाच, तर तुम्ही फक्त “हो” म्हणा.

अर्जाबरोबरच्या पत्राला आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी मदत करताहेत. त्या आयुष्यभर एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात होत्या. चिरंजीवांनी पहिला मसुदा आपल्या वळणानं लिहिला: आपल्या नामांकित कंपनीत सेवेची संधी मिळावी, ही नम्र विनंती. आजींनी लाल पेन काढलं. “विनंती कसली? त्यांना माणूस हवाय, तुम्हाला काम हवंय. तुम्ही त्यांच्या कुठल्या कामाला येणार, ते एका पानात सांगा.” पुढे “मी मेहनती व मनमिळाऊ आहे” होतं. तिथे समासात “पुरावा?” छंदांत “वाचन” होतं. “शेवटचं पुस्तक कोणतं?” असं त्यांनी विचारल्यावर तो छंद तिथेच संपला. त्याऐवजी त्यांनी काय घालायला लावलं, ते ऐका: मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचा खजिनदार! बिनपगारी समाजकार्याला इथे वजन आहे. बाबा, “मंडळाच्या भानगडीत पडू नकोस” असं तुम्ही बजावत आलात, आणि त्याच भानगडीला आता रेझ्युमेत स्वतंत्र ओळ मिळाली आहे.

खरी गंमत आता पुढे, आणि ती खास बाबांसाठी. इथे अर्जाला मागच्या मालकांचे दाखले जोडतात. नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाला लेखी दाखला मिळण्याचा हक्क आहे. तो सहानुभूतीनं लिहावा, असं न्यायालयं सांगतात आणि त्यात आडून काही सुचवू नये, असं कायदा सांगतो. म्हणजे वाईट लिहायचं नाही आणि आडूनही बोलायचं नाही. मग साहेब लोकांनी करावं काय? त्यांनी स्तुतीचीच प्रतवारी लावली आहे. “सदैव पूर्णातिपूर्ण समाधान दिलं” म्हणजे पहिली श्रेणी. “सदैव पूर्ण समाधान” म्हणजे दुसरी. “सदैव” गळालं की तिसरी. “पूर्ण”ही गेलं आणि नुसतं “समाधान” उरलं, तर काठावर पास. आणि “त्यांनी प्रयत्न केले” असं छापून आलं, तर तो दाखला कपाटातच ठेवावा. तिसरी श्रेणी हीच सर्वसाधारण, त्याहून वरची हवी असेल तर कामगारानं सिद्ध करून दाखवावं, असा निकाल इथल्या संघीय कामगार न्यायालयानं २०१४ मध्ये दिला आहे. बाबा, जिल्हा परिषदेत गोपनीय अहवाल लिहिताना तुम्ही “चांगला” आणि “निश्चित चांगला” यांत कारकुनांची बढती अडवत होतात ना? ते शास्त्र इथेही आहे.

आता पुण्याच्या कंपनीचा आपला तो दाखला आठवा, ज्याला आपण कौतुकानं लॅमिनेशन केलं: “काम व वर्तणूक समाधानकारक”. आजींनी तो वाचला, चष्मा काढला आणि हळूच विचारलं, “तिथे नेमकं काय घडलं होतं?”

राजीनामा मात्र अजून दिलेला नाही. नवं पत्र हातात आल्यावर द्यायचा, आणि तोही कागदावर, शाईच्या सहीनं. ईमेलचा राजीनामा कायद्याला मान्य नाही. रागाच्या भरात नोकरी सोडायची, तर आधी घरचा प्रिंटर चालू हवा, आणि आमचा चालू नसतो. नोकरी टिकण्याचं ते एक कारण असावं.

तेव्हा दोन कामं सांगते. आई, लोखंडी कपाटातून पदवीचं प्रमाणपत्र काढून शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत स्कॅन करून पाठवा. मोबाइलवर फोटो काढू नका, मागच्या वेळी कडेला चादरीवरचे मोर आले होते. बाबा, सध्याच्या साहेबांनी “दाखल्याचा मसुदा तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो” असं सांगितलंय. इथे तशी पद्धत आहे. चिरंजीव स्वतःबद्दल “बरा आहे” यापुढे जात नाहीत. तुम्ही चार ओळी लिहून पाठवा, पण एकदा तरी हात सैल सोडून “अत्युत्कृष्ट” म्हणा.

आणि नोकरी लागल्याचं कळवलं, तरी पेढे लगेच वाटू नका. इथे प्रोबेशन सहा महिन्यांचं असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवता येतं. पेढे सातव्या महिन्यात.

तुमची,
सूनबाई