बंडल फिरवा, वायर नाही

पांढुर्ण्यात लग्न लागतं भटजींमुळे आणि संपतं काकाजींमुळे. नवरी सासरी गेलेली असते, बिछायत केंद्राची पोरं गाद्या-लोड ट्रॉलीत फेकत असतात, आचारी उरलेल्या बुंदीचा हिशेब करत असतो, आणि मांडवाच्या मागे एक गृहस्थ कमरेत वाकून, मोबाइलच्या उजेडात काहीतरी शोधत असतात. परगावच्या पाहुण्यांना वाटतं, यांची अंगठी पडली. गावच्या लोकांना ठाऊक असतं, काकाजी वायरचं टोक शोधताहेत. टोक सापडेपर्यंत ते कोणाला वायरीला हात लावू देत नाहीत. मधूनच धरून ओढणाऱ्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार ते जागच्या जागी करतात.

असा एक काकाजी गावातल्या प्रत्येक वॉर्डात असतो. सौसरला असतो, मोहगावला असतो. नदीपलीकडे सावरगावात तर दोन आहेत आणि त्यांचं आपसांत पटत नाही. पेशाने तो काहीही असेल. रेल्वेतून निवृत्त झालेला, मास्तरकी केलेला, कापसाच्या दलालीत असलेला किंवा संत्र्याची बाग राखणारा. इलेक्ट्रिशियन मात्र तो कधीच नसतो. इलेक्ट्रिशियन वायर कोपरावर गुंडाळतो, पिशवीत कोंबतो, पैसे घेतो आणि जातो. काकाजी पैसे घेत नाहीत, त्यामुळे त्यांना बोलायची पूर्ण मुभा असते.

"कोपरावर कायले गुंडाळून राहिला बे? हात आहे का रहाट?"

हे ऐकलं नाही असा पोरगा आमच्याकडे सापडायचा नाही. कोपर आणि अंगठ्याच्या मधून वायर फिरवणं हा काकाजींच्या दृष्टीने सर्व गुंत्यांचा उगम आहे, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांचं काही चुकत नाही. स्थिर हाताभोवती वायर फिरवली की दर वेढ्याला तिच्या अंगात एक पूर्ण पीळ बसतो. वीस वेढे, वीस पीळ. पुढच्या कार्यात ती सोडायला जावं तर हे वीसही जण एकेक करून हजर होतात. वायर जमिनीवर निजत नाही, जागोजाग फणा काढून उभी राहते आणि नेमकी वरमाय तिथूनच लगबगीने निघालेली असते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. वायरीचं याच्या उलट आहे, ती पुष्कळदा पिळापायीच जळते. एकाच जागी मुडपून मुडपून आतल्या तांब्याच्या बारीक तारा तुटतात, उरलेल्यांवर भार येतो, ती जागा तापू लागते, आणि मग मंगलाष्टकांच्या चौथ्या कडव्याला काहीतरी जळाल्याचा वास येतो. त्या वासाने सगळा मांडव होमकुंडाकडे पाहतो. एकटे काकाजी बोर्डाकडे पाहतात.

त्यांची स्वतःची पद्धत अशी. पहिला वेढा सरळ घ्यायचा. दुसरा घेताना मनगट आत वळवायचं, म्हणजे वायर वेढ्याच्या खालच्या अंगाने येते. तिसरा पुन्हा सरळ, चौथा पुन्हा उलटा. सरळ वेढ्याने घातलेला पीळ उलटा वेढा काढून घेतो. शेवटी बेरीज शून्य, आणि टोक धरून फेकली की वायर अंगणभर सरळ जाऊन पडते. जगभरचे साउंडवाले माइकच्या केबली अशाच ठेवतात. काकाजी ही विद्या नागपूरहून आलेल्या एका नाटक मंडळीच्या माइकवाल्याकडून शिकले. नाटक कोणतं होतं ते त्यांना सांगता येत नाही, कारण नाटक त्यांनी पाहिलंच नाही. तिन्ही अंक ते विंगेत उभे राहून केबल पाहत होते.

घरी येऊन त्यांनी मोठ्या उत्साहाने हा प्रयोग काकूंना करून दाखवला. काकू म्हणाल्या, "हे तं आमचं स्वेटर झालं. एक सुलट, एक उलट." यावर काकाजी पुढचे काही दिवस काकूंशी कामापुरतंच बोलत होते असं ऐकतो.

या विद्येत एक मेख आहे. वेटोळं सोडताना टोक चुकून वेढ्यांच्या आतून बाहेर आलं, की उलट्या वेढ्यांच्या ओळीने गाठी बसत जातात. गणपतीच्या आरासीला काकाजींच्या पुतण्याने घाईघाईत नेमकं हेच केलं आणि सगळ्या मंडळासमोर निरगाठींची एक लांबलचक माळ ओढून काढली. पोरं हसली. काकाजी शांतपणे म्हणाले, "विद्येत खोट नाही, पात्र लहान पडलं." तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक वेटोळ्याचं बाहेरचं टोक सुतळीने बांधलेलं असतं, आणि ती सुतळी सरगाठीचीच असते. निरगाठ मारणाऱ्याला त्यांच्या घरात चहा मिळतो, पण कपबशी जुनी.

हाच पुतण्या पुढे नागपुरात इंजिनियरिंग करू लागला आणि सुट्टीत येताना काकाजींसाठी एक बातमी घेऊन आला. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठात रेमर आणि स्मिथ नावाच्या दोन संशोधकांनी दोरीचा तुकडा एका चौकोनी डब्यात टाकून डबा यंत्राने दहा वेळा फिरवला, मग गाठ पडली का ते पाहिलं. असं त्यांनी 3415 वेळा केलं. निबंध 2007 साली छापून आला आणि पुढल्या वर्षी त्यांना लोकांना आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं ते इग नोबेल मिळालं. निष्कर्ष असा की सुटी दोरी डब्यात हलली की काही सेकंदांतच गाठी पडतात, आणि दोरी फार आखूड असेल तर मात्र सहसा पडत नाहीत. काकाजींनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"डबा 3415 वेळा हालवला?"

"हौ काकाजी."

"आमच्या घरचा सिरीजचा डबा आणून द्यायचा होता. तो तं नुसता माळ्यावर ठेवला तरी होते."

गणपतीच्या सिरीजचा विषय निघाला की काकाजी हळवे होतात. गेल्या वर्षी विसर्जनाच्या रात्री, ढोलाच्या नादात ज्याने ती सिरीज कशीबशी काढून खोक्यात ढकलली, त्याचं नाव त्यांना पाठ असतं. पोळा सरला की चार दिवसांत गणपती येतात. खोकं उघडतं, आतून हिरव्या तारांचा एक गोळा निघतो, आणि मंडळाचा अध्यक्ष म्हणतो, "नवीन आणू ना, शंभर-दीडशेची तं गोष्ट आहे." काकाजींना ही वाक्यरचनाच सहन होत नाही. ते ओट्यावर पाट घेऊन बसतात, गोळा मांडीवर घेतात आणि न ओढता, नुसता सैल करत करत मोकळा करतात. ओढलं की गाठ आवळते, सैल केलं की वाट देते, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. त्यांच्या वडलांच्या हातात कासरा, दावं, म्होरकी, चऱ्हाट होतं. अंबाडीच्या दोराला पीळ किती द्यायचा आणि गुंडाळताना तो कसा राखायचा हे त्या पिढीच्या बोटांत होतं. पोळ्याला नवी वेसण घालायची तर जुना कासरा नीट वेटोळं करून खुंटीवर जायचा. बैल गेले, मोटार आली. काकाजींची बोटं तीच राहिली.

शेतावर तर त्यांचा अधिकार आणखी वाढतो. बोअरमधली मोटार वर काढायची असली की जाड केबल हातावर मावत नाही. ती जमिनीवर आठच्या आकड्यात अंथरायची, एक फेरा इकडून, एक तिकडून, म्हणजे पीळ आपोआप जिरतो. काकाजी शिवारात पोरांना आकडा टाकायला शिकवतात अशी बातमी गावात पोचली तेव्हा लाइनमन फटफटीवर बसून चौकशीला आला होता. केबलीला हिसडा देणाऱ्या गड्याला ते संत्र्याच्या भाषेत समजावतात. आमच्याकडे बहार धरायचा तर बागेचं पाणी तोडून झाडांना ताण देतात. काकाजी म्हणतात, "ताण झाडाले द्या लागते बाप्पा, वायरले नाई."

नव्या बंडलाची तऱ्हा वेगळी. घरात टाकायच्या वायरीचं बंडल 90 मीटरचं येतं, आणि नवशिका माणूस ते जमिनीवर आडवं ठेवून टोक ओढत सुटतो. वायर मळसूत्रासारखी वळत बाहेर येते आणि पाइपात शिरायला नकार देते. काकाजी बंडलात काठी घालून दोन पोरांच्या हाती देतात आणि ते फिरवत सरळ वायर काढतात. "बंडल फिरवा, वायर नाही" ही त्यांची घोषणा वॉर्डात इतकी प्रसिद्ध आहे की निवडणुकीत एका उमेदवाराने ती वापरायची परवानगी मागितली होती. 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा छिंदवाड्यातून वेगळा काढून जिल्हा केला, सौसर त्यात आलं, फटाके फुटले. काकाजींना प्रतिक्रिया विचारली तर म्हणाले, "सुटला, ते चांगलं झालं. आता फायली कशा गुंडाळतात ते पाहू."

चक्रीवर, म्हणजे ज्याला दुकानदार रील म्हणतो त्यावर, काकाजींचा विश्वास आहे आणि नाहीही. चक्री स्वतः फिरते म्हणून पीळ बसत नाही, हे तिचं पुण्य. पण लोक चार हात वायर बाहेर काढतात, उरलेली तशीच गुंडाळलेली ठेवतात आणि तिला पाणी तापवायचा रॉड लावतात, हे पाप. इथे काकाजी विनोदी राहत नाहीत. एक चौरस मिलिमीटर तांब्याची 30 मीटर वायर घ्या, वीज जाऊन येऊन 60 मीटर चालते, रोध एका ओहमच्या आसपास भरतो. 2000 वॉटचा रॉड 230 व्होल्टवर नऊएक अँपिअर ओढतो. म्हणजे 80 वॉटच्या आसपास उष्णता वायरीतच तयार होते. वायर अंगणभर पसरलेली असेल तर ही उष्णता हवेत निघून जाते, कोणाला कळतही नाही. चक्रीवर थरावर थर असतील तर ती आतच कोंडते आणि प्लॅस्टिक मऊ पडू लागतं. म्हणून ऐन लग्नघरी, पहाटे, वऱ्हाडाच्या आंघोळीचं पाणी तापत असताना काकाजी येऊन सगळी चक्री उलगडून ठेवतात. अंगणात पसरलेली वायर पाहून नवरदेवाचा मामा विचारतो, हा पसारा कोणी केला? पसारा आणि मांडणी यांतला फरक मामाला समजावण्यात काकाजींचा नाश्ता हुकतो.

याहून जास्त ते चिडतात ते काडीवर. टॉप नाही म्हणून वायरीची उघडी टोकं सॉकेटमध्ये घालायची आणि माचिसच्या काड्या ठोकून घट्ट करायची, ही आपल्या देशाची जुनी कारागिरी. काकाजींच्या खिशात म्हणून एक जास्तीचा तीन पिनांचा टॉप कायम असतो. तिसरी पिन लांब का, तर ती आधी लागावी आणि शेवटी सुटावी, हे ते लहान पोरांनाही सांगतात. ती पिन तोडून टॉप दोनाच्या भोकात बसवणाऱ्या शेजाऱ्याकडे त्यांनी वर्षभर हळदीकुंकवालाही काकूंना जाऊ दिलं नाही. काकू गेल्या, ही गोष्ट वेगळी.

उसनवारीचं सांगायलाच हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळस रोवून, त्यावरच्या झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड टाकतात. प्रशासन दरवर्षी विनवतं, डोकी दरवर्षी फुटतात. काकाजींचं गोटमारीवर एकच भाष्य आहे : "तिकडं गेलेला दगड वापस येते. तिकडं गेलेली एक्स्टेन्शन नाई." म्हणून त्यांच्याकडे एक वही आहे. कोणी नेली, कधी नेली, परत आली तेव्हा वेढे कसे होते, अशी नोंद. टॉपवर काकूंच्या नेलपॉलिशचा ठिपका ही ओळखीची खूण. "वेढे कसे होते" या रकान्यात गावातल्या भल्याभल्यांचे निकाल लागलेले आहेत, आणि मुलीला स्थळ सांगून आलं तेव्हा काकाजींनी आधी ती वही काढली होती, असं काकू शपथेवर सांगतात.

घरात वायरींसाठी त्यांनी भिंतभर फळी मारून घेतली आहे. तिथे पूर्वी काकूंचे कुरड्या-पापडांचे डबे होते. वायर खिळ्याला टांगायची नाही, कारण खिळ्याच्या टोकावर सगळं वजन येऊन ती मुडपते. ती आडवीच ठेवायची. यावर कोणी वाद घातलाच तर ते थेट जामसावळीला जातात. "मारुतीराय सोता निजून आहेत तिथं. मंग तुले वायर टांगायची काऊन घाई?" हिवाळ्यात वायर आखडते तेव्हा आधी तिला सकाळच्या उन्हात ठेवायची, मग उलगडायची. काकूंचे गुडघेही हिवाळ्यात आखडतात. त्यांना ऊन कोण दाखवतं, हे मी विचारलेलं नाही.

आता यातली खरी गंमत. इतक्या वायरी, इतक्या नीट ठेवलेल्या, पण काकाजींच्या घरी पाहुणे आले आणि कूलर अंगणात लावायचा झाला, की ते शेजारून एक्स्टेन्शन मागून आणतात. शेजाऱ्याची, गाठींची, टॉपला चिकटपट्टी मारलेली. आपली फळीवरची वायर सोडायची म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. इतकं सुबक वेटोळं मोडायचं, ते कूलरसाठी? शेजाऱ्याची वायर मात्र परत जाते तेव्हा सरळ-उलट वेढ्यांत, सुतळी बांधून, सरगाठ मारून जाते. अर्ध्या वॉर्डाच्या वायरी अशा नीट झाल्या आहेत. बिछायत केंद्राचा मालक त्यांच्या तोंडावर त्यांना कटकट म्हणतो आणि प्रत्येक लग्नाची पहिली पत्रिका छापून आली की यजमानाला विचारतो, "काकाजीले आवतन दिलं ना?"

यंदा दिवाळीला पुण्याहून जावई आला. सासऱ्यांसाठी त्याने बॅटरीवर चालणारी ड्रिल मशीन आणली होती. मोठ्या कौतुकाने त्याने ती हातात दिली आणि म्हणाला, "मामाजी, आता वायरची भानगडच नाही."

काकाजींनी ती उलटीपालटी करून पाहिली. वायर कुठूनही निघत नव्हती. काकू दारात उभ्या राहून मजा पाहत होत्या.

"जवाईबापू, हे चार्ज कायनं होते?"

"चार्जर आहे ना."

"त्याले वायर असन."

"आहे की, खोक्यात आहे."

"आणा इकडं. आन कोपरावर गुंडाळली असन तं आताच सांगून द्या."