सुईचा धाक पुरे

"गप्प बस, नाहीतर डॉक्टरकाकांना सांगून सुई टोचायला लावीन!" हे वाक्य कधीच उच्चारलं गेलं नाही असं घर सापडणं कठीण. जेवत नाही, सुई. झोपत नाही, सुई. वर्षानुवर्षं हा धाक घालायचा आणि पाचवीतलं तेच पोर लसीकरणाच्या दिवशी बाकाखाली जाऊन बसलं की "एवढा मोठा झालास, रडतोस काय?" म्हणून वर त्यालाच झापायचं. ही भीती पोराच्या डोक्यातून उगवलेली नाही, आपण घातलेली आहे.

त्यात, लस म्हणजे तान्ह्या बाळांची भानगड हा आपला समज. दीड-दोन वर्षांचे डोस झाले की कार्ड कपाटात जातं. सरकारी वेळापत्रक मात्र तिथे संपत नाही. पाच ते सहा वर्षांत डीपीटीचा दुसरा बूस्टर, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प. पूर्वी या वयात नुसतं धनुर्वाताचं टीटी मिळे. पण घटसर्पाविरुद्धची ताकद वयाबरोबर ओसरते, म्हणून तोही जोडला गेला. घटसर्पात घशात पडदा धरतो, श्वास कोंडतो, जंतूंचं विष हृदयापर्यंत जातं. हे टाळायला दंडात अर्धा मिलिलिटर औषध लागतं.

शाळांनीही जरा विचार करावा. भर वर्गात टेबल मांडायचं, पहिल्याला सगळ्यांदेखत टोचायचं आणि बाकीच्यांनी रांगेत उभं राहून बघायचं, ही पद्धत बंद करा. भीती रांगेतून पसरते. एखादी मुलगी चक्कर येऊन पडते, बघणाऱ्या आणखी दोघी-तिघी पडतात आणि संध्याकाळपर्यंत लस 'बाधल्याची' बातमी गावभर होते. ही चक्कर बहुतेक वेळा धास्तीची असते. आडोसा करा, मुलांना डबा खाऊ द्या, बसवूनच टोचा आणि नंतर अर्धा तास डोळ्यांसमोर ठेवा. सगळ्यात घाबरलेल्याला रांगेच्या शेवटी ताटकळत ठेवू नका, त्याचा नंबर आधी लावा. पूर्वी चक्कर आलेल्या मुलाला मांड्या आणि पोटऱ्या आवळून धरायला सांगा, त्याने रक्तदाब घसरत नाही. टोचायचा दंड तेवढा सैल हवा.

आणि आईबाबांनो, "काही दुखत नाही" असं सांगू नका. दुखतंच. एकदा खोटं पडलात की पुढच्या वेळी तुमचं कोण ऐकणार? "टोचल्यासारखं होईल, लगेच संपेल, उद्या दंड ठणकेल" एवढं खरं सांगा. फसवून, "चल, आइस्क्रीम खायला" म्हणून दवाखान्यात नेणं तर साफ चूक. बघायचं की तोंड फिरवायचं, उजवा हात की डावा, हे त्याला ठरवू द्या. सुई शिरताना हळूहळू फुंकर सोडायला सांगा. चौघांनी हातपाय दाबून धरलेलं मूल ती पकड पुढे कितीतरी वर्षं विसरत नाही. रडलं तर रडू द्या.

आज ते कार्ड कपाटातून काढा. पाच, दहा किंवा सोळाच्या रकान्यात तारीख नसेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा. तिथे या लसी मोफत मिळतात.